बेवारशी ठेवे

उन्हाळ्याच्या दिवसांत हमरस्त्याच्या कडेला पाणपोई घालण्याची चाल महाराष्ट्रांत फार जुनी आहे. एखादा गृहस्थ चार बांबू उभे करतो, वर झावळ्यांचें छप्पर घालतो, रांजणांत पाणी भरून ठेवतो, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची तहान भागते. पाणी कोणीं पाजलें हें पिणाऱ्याला ठाऊक नसतें; कोण प्यालें हें पाजणाऱ्यालाहि ठाऊक नसतें. परंतु या निनावी व्यवहाराला एक अट असते. रांजण वरचेवर धुवावा लागतो आणि रोज भरावा लागतो. पाणपोई घालणारा ज्या दिवशीं कंटाळतो, गांव सोडतो किंवा जग सोडतो, त्या दिवसापासून छप्पर तेंच असतें, रांजणहि तोच असतो, पण आंतील पाण्यावर शेवाळ धरूं लागतें. तहानेनें आलेला माणूस मग तेथून नुसता विन्मुख जात नाहीं. तो आजारहि घेऊन जातो. पाणपोई नसती, तर निदान त्यानें पुढच्या गांवची विहीर तरी गांठली असती.

अनोळखी माणसांसाठीं मांडून ठेवलेल्या वस्तूचा धनी निघून गेला, तर त्या वस्तूचें काय करावें, हा प्रश्न अशा रीतीनें जुनाच आहे. आज तो एका अगदीं नव्या खेळाच्या निमित्तानें पुन्हां उभा राहिला आहे. या खेळाला जिओकॅशिंग असें नांव आहे. रानांत, डोंगरावर, पुलाखालीं किंवा शहरांतील बागेंत एखादा लहानसा डबा लपवावयाचा, त्या जागेचे अक्षांश व रेखांश इंटरनेटवर जाहीर करावयाचे, आणि इतरांनीं उपग्रहांच्या साह्यानें तो हुडकून, आंतील वहींत आपलें नांव लिहून, डबा होता तसाच परत ठेवावयाचा, एवढाच हा खेळ. अशा डब्याला प्रस्तुत विवेचनांत ठेवा म्हटलें आहे, व तो लपविणाऱ्याला ठेव्याचा धनी.

या खेळाची जन्मतिथि निश्चित सांगतां येते. अमेरिकन सरकारच्या उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून पृथ्वीवरील कोणत्याहि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढतां येतात. मात्र इ. स. २००० पर्यंत सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संदेशांत लष्करी कारणासाठीं मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळें उत्तर शंभर मीटरपर्यंत चुकूं शके. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें २ मे २००० रोजीं ही चूक काढून टाकण्यांत आली, आणि हातांत मावणारें यंत्र एका रात्रींत सुमारें दसपट अचूक झालें. दुसऱ्याच दिवशीं डेव्ह अल्मर नांवाच्या संगणक-सल्लागारानें ही अचूकता पारखून पाहण्यासाठीं ऑरेगन राज्यांतील बीव्हरक्रीक या वस्तीजवळच्या रानांत एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. तींत एक पुस्तक, एक चित्रफीत, संगणकाची सामग्री, थोडे डॉलर, गलोलीची मूठ आणि कडधान्याचा एक हवाबंद डबा अशा चित्रविचित्र वस्तू होत्या. जो शोधील त्यानें कांहीं घ्यावें, कांहीं ठेवावें व वहींत नोंद करावी, एवढाच त्याचा नियम होता.

ही बादली तीन दिवसांच्या आंत दोघां जणांनीं हुडकून काढली. त्यांपैकीं माईक टीग यानें अशा ठेव्यांची यादी इंटरनेटवर ठेवण्यास आरंभ केला. पुढें २ सप्टेंबर २००० रोजीं जेरेमी आयरिश यानें खास या खेळासाठीं संकेतस्थळ उघडलें, तेव्हां सर्व जगांत ज्ञात असलेले ठेवे अवघे ७५ होते. आज त्या एका यादींतील चालू ठेव्यांची संख्या तीस लाखांच्या वर आहे. मुंबई-पुण्याच्या परिसरांतहि असे ठेवे आहेत.

या आंकड्याकडे पाहतांना एक गोष्ट सहज विसरली जाते. यादींतील बहुतेक नोंदींच्या मागें एकेक खराखुरा डबा आहे, आणि तो कोठें तरी ऊन, पाऊस व बर्फ सोशीत बसलेला आहे. नोंद जुनी झाली म्हणून कुजत नाहीं; डबा कुजतो. म्हणूनच ठेवा लपविणाऱ्यावर या खेळानें प्रारंभापासून कांहीं जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. ज्याची जमीन असेल त्याची परवानगी त्यानें घ्यावी. दुसऱ्या ठेव्यापासून १६१ मीटरांच्या आंत आपला ठेवा ठेवूं नये. ठेव्यासाठीं जमीन खणूं नये; जनावरांना वास लागेल असा खाद्यपदार्थ आंत घालूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे अधूनमधून स्वतः जाऊन डबा पाहावा, वही भिजली असेल तर बदलावी, झांकण फुटलें असेल तर नवें बसवावें. प्रवासांत गेलेल्या परगांवीं ठेवा लपवून परत निघून येणाऱ्यास म्हणूनच आधीं विचारलें जातें कीं, तुमच्या पश्चात् याची देखभाल कोण करणार? यांत गंमत अशी कीं, अल्मरची मूळ बादली आजच्या नियमांना उतरली नसती. ती जमिनींत पुरलेली होती, आणि तींत खाण्याचा डबा होता.

नियम असे स्पष्ट आहेत. तरीहि बेवारशी ठेव्यांची संख्या वाढतच जाते. याचें कारण माणसांचा अप्रामाणिकपणा नव्हे. छंदाचें पहिलें वर्ष उत्साहाचें असतें. त्या वर्षांत एकेक गृहस्थ दहा, वीस, पन्नास ठेवे लपवून मोकळा होतो. पुढें त्याची बदली होते, घरांत मूल जन्मास येतें, किंवा गुडघे दुखूं लागतात. एखाद्याचें यंत्र मोडतें व तो नवें घेत नाहीं. क्वचित् धनी मरण पावतो, आणि घरच्या माणसांना हे डबे आहेत याची कल्पनाहि नसते. आपण खेळ सोडला असें जाहीर सहसा कोणी करीत नाहीं, कारण सोडणाऱ्याला स्वतःलाहि तें ठाऊक नसतें. तो फक्त या रविवारीं जात नाहीं, मग पुढच्या रविवारींहि जात नाहीं. छंद सुरू झाल्याचा दिवस सांगतां येतो. तो संपल्याचा दिवस सांगतां येत नाहीं.

इकडे डब्याचें वय मात्र वाढत असतें. अमेरिकन लष्कराच्या काडतुसांची लोखंडी पेटी, जिच्या झांकणाला रबराची पट्टी असते, ती वर्षानुवर्षें टिकते. परंतु छायाचित्रांच्या फिल्मची डबी किंवा स्वयंपाकघरांतील पातळ प्लॅस्टिकचा डबा लवकरच पाणी आंत घेतो. वहीचा लगदा होतो. मुलांसाठीं ठेवलेल्या खेळण्यांना बुरशी चढते. एखादा बाप सुट्टीच्या दिवशीं आपल्या लहान मुलीला घेऊन मोठ्या हौसेनें निघतो, टेकडी चढतो, यंत्र जेथें थांब म्हणतें तेथें दगडाखालीं हात घालतो, आणि त्याच्या हातांत घाण पाण्यानें भरलेली, झांकण नसलेली एक डबी येते. मुलीनें आपलें नांव लिहिण्यासाठीं आणलेली पेन्सिल तशीच खिशांत राहते. पुन्हां एखाद्या रविवारीं निघूं असें बाप म्हणाला, तर ती येईलच असें सांगतां येत नाहीं.

अशा ठेव्यांच्या बाबतींत काय करावयाचें, याची एक रीत खेळानें ठरवून दिली आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. शोधणाऱ्याला डबा मिळाला नाहीं, तर त्यानें तशी नोंद करावयाची. डबा मिळाला पण मोडका असला, तर धन्याचें लक्ष वेधणारी नोंद करावयाची. धनी बराच काळ हललाच नाहीं, तर परीक्षकाला कळवावयाचें. हे परीक्षक म्हणजे वेतन न घेतां काम करणारे जुने खेळाडू. ते जागेवर जाऊन पाहत नाहींत. नोंदी वाचून निर्णय देतात. परीक्षक प्रथम ठेवा तात्पुरता बंद करतो व धन्याला सुमारें महिनाभराची मुदत देतो. तेवढ्यांत उत्तर आलें नाहीं, तर ठेवा दप्तरदाखल होतो, म्हणजे चालू यादींतून उतरतो. देखभालीच्या अभावीं असा उतरविलेला ठेवा सहसा पुन्हां यादींत चढविला जात नाहीं.

ही रीत कित्येकांना कठोर वाटते. परंतु तिच्यांत एक न्याय आहे. बेवारशी ठेवा नुसता निरुपयोगी नसतो; तो जागा अडवितो. त्याच्यापासून १६१ मीटरांच्या आंत दुसऱ्या कोणाला नवा ठेवा मांडतां येत नाहीं. टेकडीवरील उत्तम जागा मोडक्या डब्याकडे राहते, आणि ज्याला ती जागा नीट संभाळावयाची इच्छा आहे तो खालीं ताटकळत राहतो. जुनी नोंद मिटली म्हणजे जागा मोकळी होते. खेळ जिवंत राहावयाचा, तर त्यांतील मृत भागाला कोणी तरी मृत म्हटलेंच पाहिजे.

आणि नेमकें हेंच म्हणण्यास माणसें कचरतात. डबा सांपडला नाहीं असें लिहिण्यांत आपली नामुष्की आहे असें शोधणाऱ्याला वाटतें. डबा मोडका आहे असें लिहावें, तर धन्याचा उपमर्द होईल असें वाटतें. परीक्षकाला कळविणें म्हणजे चहाडी, अशी एक चमत्कारिक समजूत आहे. या भिडेपोटीं दहा माणसें येतात, हळहळतात, आणि कांहींहि न लिहितां परत जातात. अकरावा माणूस पुन्हां तीच टेकडी चढतो. सत्य सांगण्यास जेथें सर्वच संकोचतात, तेथें प्रत्येकाला तें स्वतःच्या पायांनीं शोधून काढावें लागतें.

संकोचापेक्षांहि अधिक घातक अशी एक परोपकारी वृत्ति आहे. एखाद्याला डबा मिळत नाहीं; तो गेला असावा असा तर्क करून तो आपल्या खिशांतील नवी डबी तेथें ठेवतो, तींत स्वतःच पहिली सही करतो, आणि सांपडला म्हणून नोंद करून निघून जातो. वरवर पाहतां यांत चांगुलपणा आहे. वस्तुतः कित्येकदां मूळ डबा दोन हात अलीकडे सुखरूप असतो. आतां एका जागीं दोन डबे होतात, आणि येणाऱ्यांनीं कोणता खरा मानावा हें कळेनासें होतें. शिवाय नव्या डबीचा धनी कोण? मूळ धन्याला तिची खबर नाहीं, आणि ठेवणारा तर पुन्हां तेथें फिरकणार नाहीं. म्हणजे एका बेवारशी वस्तूवर उपाय म्हणून दुसरी बेवारशी वस्तु जन्मास आली. यादींत मात्र ठेवा सुस्थितींत असल्याचें दिसत राहतें, आणि परीक्षकाचें लक्ष आणखी दोन-चार वर्षें तिकडे जात नाहीं. मोडकी पाणपोई मोडकी दिसते तोंवर वाटसरू सावध असतो. तिला बाहेरून चुना फासला म्हणजे तो फसतो.

याचा अर्थ दुसऱ्याच्या ठेव्याला हातच लावूं नये असा नव्हे. ओली वही पुसावी, जवळ कोरा कागद असल्यास तो आंत ठेवावा, सुटलेलें झांकण बसवावें. हें प्रत्येक सुज्ञ खेळाडू करतो आणि धनी त्याबद्दल आभारच मानतो. भेद इतकाच कीं, जो डबा आहे त्याला साह्य करणें निराळें, आणि जो नाहीं तो असल्याचा देखावा करणें निराळें.

आतां मुख्य प्रश्न येतो तो मालकीचा. धनी खेळ सोडून गेला, पण एखाद्या शेजाऱ्याला तो ठेवा पुढें चालवावयाचा आहे. त्यानें काय करावें? खेळांत दत्तकाची सोय आहे. धनी आपला ठेवा दुसऱ्याच्या नांवें करून देऊं शकतो, आणि मग नोंद, तिचा सर्व जुना इतिहास व तिची जबाबदारी नव्या धन्याकडे जाते. परंतु यासाठीं मूळ धन्याची संमति लागते. ती नसेल, तर ठेवा कितीहि वर्षें पडून असो, यादी चालविणारी संस्था तो दुसऱ्याला देत नाहीं. डबा तिचा नाहीं, आणि जें आपलें नाहीं तें दुसऱ्याला कसें द्यावें, असें तिचें म्हणणें आहे.

या नियमावर जाणत्या खेळाडूंचा आक्षेप असा कीं, त्यामुळें जुने, सुंदर, इतिहास असलेले ठेवे निष्कारण मरतात. हा आक्षेप पोकळ नाहीं. कॅन्सस राज्यांतील मिंगो येथें ११ मे २००० रोजीं, म्हणजे अल्मरच्या बादलीनंतर अवघ्या आठ दिवसांनीं, लपविलेला ठेवा आजच्या यादींतील सर्वांत जुना मानला जातो, आणि तो पाहण्यासाठीं माणसें लांबून मुद्दाम वाट वांकडी करतात. अशा ठेव्याच्या नोंदींत वीस-पंचवीस वर्षांच्या माणसांची हजेरी असते. कोणाची तेथें पहिली भेट झालेली असते. कोणाच्या गेलेल्या वडिलांनीं लिहिलेली एखादी ओळ तेवढी तेथें राहिलेली असते. असा ठेवा केवळ धनी उत्तर देत नाहीं म्हणून बंद व्हावा, याचें दुःख होणें स्वाभाविक आहे.

उलट पक्षीं, संमतीची अट काढून टाकली तर काय होईल, याचाहि विचार केला पाहिजे. धनी आजारी असेल, परदेशीं असेल, वर्षभरानें परतहि येईल. तेवढ्यांत त्याची वस्तु दुसऱ्याची झालेली त्याला आढळेल. शिवाय नामांकित ठेवे ताब्यांत घेण्यास माणसें धांवतील, आणि सामान्य ठेवे पूर्वींप्रमाणेंच सडत राहतील; कारण हव्यास आणि सेवा या दोहोंचा चेहरा प्रथमदर्शनीं सारखाच असतो. ज्याला खरोखर सेवाच करावयाची आहे, त्याला एक सरळ मार्ग मोकळा आहे. जुना ठेवा दप्तरदाखल होऊं द्यावा, आणि त्याच परिसरांत आपल्या नांवानें, आपल्या जबाबदारीवर नवा ठेवा मांडावा. त्यांत जुन्याचा मान मिळत नाहीं हें खरें. परंतु जबाबदारी पत्करणाऱ्याला मानाची घाई नसावी. आणि दप्तरदाखल झालेल्या नोंदी कांहीं जाळल्या जात नाहींत. चालू यादींतून त्या उतरतात; वाचूं इच्छिणाऱ्याला त्या उपलब्ध राहतात. वडिलांची ती ओळ नाहींशी होत नाहीं.

धनी गेल्यावरहि ठेवा टिकूं शकतो याचें एक जुनें उदाहरण इंग्लंडांत आहे. त्या देशाच्या नैर्ऋत्येस डार्टमूर नांवाचा उंच, ओसाड व दलदलीचा मुलूख आहे. १८५४ सालीं चॅगफर्ड गांवच्या जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें तेथील क्रॅन्मियर पूल या आडजागीं एक बाटली ठेवली, आणि तेथवर पोंचणाऱ्यांनीं आपल्या नांवाचीं कार्डें तींत टाकावीं अशी चाल पाडली. पुढें लोक स्वतःचाच पत्ता लिहिलेलीं पत्रें तेथें ठेवूं लागले. मागून येणारा तीं उचलून टपालांत टाकी. १९०५ मध्यें तेथें नोंदवही आली. १९३७ मध्यें दगडी पेटी बांधण्यांत आली. पेरट आज नाहीं, त्याची बाटलीहि नाहीं. परंतु दीडशें वर्षांहून अधिक काळ ती चाल चालू आहे, आणि तिच्यापासून निघालेला पत्रपेट्यांचा छंद त्या माळावर आजहि नांदतो.

पेरटची बाटली टिकली आणि आजचे हजारों डबे टिकत नाहींत, याचें कारण काय? पेरटच्या बाटलीची जागा एक होती, आणि तिच्यावर माया करणारे अनेक होते. प्रत्येक पिढींतील कोणी ना कोणी उघडपणें पुढें आला आणि त्यानें तें काम आपलें मानलें. आज एकेका माणसाच्या नांवावर शंभर-शंभर डबे असतात, आणि एकेका डब्यावर माया करणारा जेमतेम एक. तोहि गेला म्हणजे कोणीच उरत नाहीं. वस्तु टिकते ती वस्तूच्या बळावर नव्हे. तिच्या मागें उभ्या राहणाऱ्या माणसांच्या बळावर टिकते.

दप्तरदाखल झाल्यानेंहि प्रश्न संपत नाहीं, हें येथें ध्यानांत ठेविलें पाहिजे. नोंद मिटली तरी डबा रानांत तसाच असतो. किंबहुना आतां तो कोणी शोधीतहि नाहीं, म्हणून तो निव्वळ कचरा होतो. तो उचलण्याचें काम नियमानें धन्याचेंच. पण धनी नाहीं म्हणूनच तर नोंद मिटली! कांहीं प्रांतांत तेथील खेळाडूंचीं मंडळें हें काम अंगावर घेतात. तें करतांनाहि तारतम्य लागतें. एकच डबा दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळाच्या यादींत अद्याप चालू असूं शकतो. तो उचलला तर चोरी होईल. म्हणून आधीं दुसऱ्या याद्या पाहाव्या, धन्याला निरोप पाठवावा, वाट पाहावी, आणि मग डबा काढून आणून त्यांतील वही कांहीं दिवस जपून ठेवावी. सहलीला जातां जातां रानांतला कचरा उचलून आणावा, अशी मोहीम या खेळांत २००२ पासून चालू आहे. स्वतःच्या खेळाचा कचरा या मोहिमेंत पहिला धरावा, हें उघडच आहे.

हें सर्व एका क्षुल्लक करमणुकीविषयीं कशासाठीं, अशी शंका एखाद्या श्रोत्याच्या मनांत येईल. परंतु या खेळाला स्वतःचें मैदान नाहीं. तो दुसऱ्यांच्या जमिनीवर, दुसऱ्यांच्या विश्वासावर चालतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यानें आरंभींच अशा डब्यांकडे सोडून दिलेली मालमत्ता म्हणून पाहिलें व ते ठेवण्यास मनाई केली. पुढें परवानगीचा अधिकार त्या त्या उद्यानाच्या अधिकाऱ्याकडे गेला. २००४ पासून भूशास्त्राची गोडी लावणारा एक निराळा प्रकार रूढ झाला, त्यांत डबाच नसतो. शोधणारा खडक किंवा धबधबा पाहतो व प्रश्नांचीं उत्तरें देऊन परत येतो. २०११ च्या जुलैमध्यें इंग्लंडांतील वेदरबी या गांवीं भर बाजारपेठेंतला एक ठेवा बाँब समजला गेला. रस्ता रिकामा करण्यांत आला आणि लष्करी पथकानें तो उडवून दिला. तो ठेवा बेवारशी नव्हता, तरी एवढा अनर्थ झाला. मग ज्याचें नांवगांव पुसलें गेलें आहे व ज्याविषयीं जबाब देण्यास कोणीच नाहीं, असा डबा पाहून जमिनीच्या मालकानें पुढच्या माणसाला परवानगी नाकारली, तर दोष कोणाला द्यावयाचा? एका धन्याच्या आळसाची किंमत त्याला कधींहि न भेटणारे शंभर खेळाडू देतात.

तात्पर्य, ठेवा मांडण्याचा हक्क आणि तो उचलण्याचें कर्तव्य हीं एकाच करारांतील दोन कलमें आहेत. जितके संभाळतां येतील तितकेच डबे लपवावे. मन उडूं लागलें असें वाटतांच, संमति देण्याची शुद्ध आहे तोंवर, ठेवा कोणाच्या तरी नांवें करून द्यावा. घेणारा नसेल तर एखाद्या सकाळीं जाऊन तो काढून आणावा व यादींत तसें लिहावें. घरांतील एका माणसाला तरी आपले डबे कोठें आहेत तें सांगून ठेवावें. शोधणाऱ्यांनीं जें पाहिलें तें खरें लिहावें. नाहीं तें नाहीं म्हणावें, मोडकें तें मोडकें म्हणावें. परीक्षकानें मुदत द्यावी, पण मुदतीला शेवट असावा.

अल्मरच्या त्या पहिल्या बादलीचें पुढें काय झालें? गवत कापण्याच्या यंत्राखालीं ती सांपडली आणि बहुतेक ऐवजासह नष्ट झाली. वांचला तो फक्त कडधान्याचा हवाबंद डबा. त्याला क्रमांक देऊन खेळाडूंनीं त्याचें एक फिरतें स्मारक केलें, आणि मूळ जागीं एक नामफलक बसवून शेजारीं नवा ठेवा मांडला. पहिला ठेवा गेला, हें कोणीं लपविलें नाहीं. त्याच्या जागीं दुसरी बादली ठेवून ती पहिलीच असल्याचा बहाणा केला नाहीं. गेलेल्याला गेलेलें म्हटलें, त्याची आठवण ठेवली, आणि पुढचें काम नव्या नांवानें अंगावर घेतलें. पाणपोई मोडली, तर तींतलें जुनें पाणी ओतून टाकावें, रांजण पालथा घालावा, आणि ज्याच्या अंगांत रोज कावड वाहण्याची उमेद असेल त्यानें तेथेंच दुसरी घालावी. वाटसरूला पाणी पाहिजे असतें. रांजण कोणाचा, हें तो विचारीत नाहीं.